खोक्यावरचा आकडा आणि खोक्यातला माल

या सदरात आजवर मुदत ठेवी, वारसनोंद, जामीनकी आणि गृहकर्ज यांविषयी लिहीत आलो. आज संगणकातील ग्राफिक्स कार्डाविषयी लिहितो आहे, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु सध्या पुष्कळ व्यापारी घरांत दिवाळीच्या सुमारास या वस्तूवरून बाप-लेकांत वाद होतो, आणि तो वाद बहुतेक वेळा कोणतेही माप हाती न घेता होतो. ज्या घरात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय सौदा होत नाही, त्याच घरात पंचवीस-तीस हजारांची वस्तू खोक्यावरचा आकडा पाहून आणली जाते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २०१५ साली माझ्या मुलाने संगणकावरील खेळांसाठी असे कार्ड मागितले. मी दुकानात गेलो; एका खोक्यावर ‘१ जीबी’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘४ जीबी’. किंमत जवळपास सारखीच. चौपट माल मिळतो आहे अशा समाधानाने मी दुसरे खोके उचलले. घरी आल्यावर खेळ अडखळत, थांबत चालू लागला. मुलगा काही बोलला नाही. महिन्याभराने त्याने खेळणेच सोडले. पुढे कळले की माझ्या कार्डावरील स्मृती जुन्या, मंद प्रकारची होती आणि नाकारलेल्या कार्डावरची थोडी असली तरी जलद. गोदाम चौपट मोठे, पण दार अरुंद, अशी गत झाली होती. आयुष्यभर इतरांचे ताळेबंद तपासणाऱ्या माणसाने एका आकड्यावर भुलावे, ही टोचणी मनात राहिली.

म्हणून २०२३ च्या दिवाळीपूर्वी माझ्या पुतण्याचा मुलगा दोन कार्डांची नावे कागदावर लिहून माझ्याकडे आला, तेव्हा मी ते काम मनावर घेतले. पुतण्याचे सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत दुकानात बसून आवक-जावक लिहिल्याबद्दल मिळालेला पगार आणि वाढदिवसांचे साठवलेले पैसे मिळून त्याच्याजवळ ३२,००० रुपये होते. “आजोबा, बाबांचा विरोध आहे. ते म्हणतात, पैसे पाण्यात जातील. तुम्ही तपासून सांगा,” एवढेच तो म्हणाला. मी त्याला म्हटले, “कर्जप्रस्ताव तपासतो तसा तपासू. अनुकूलच निघेल असे मात्र सांगत नाही.”

कागदावरील दोन नावे होती एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०. पहिले फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर या जाहीर किमतीला आलेले, दुसरे जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला. आपल्याकडे त्या वेळी मात्र नव्या कार्डाला जुन्याहून सुमारे ३,००० रुपये अधिक पडत होते.

मुलाने माहितीचा तक्ता केला होता. त्यातील आकडे पाहून कोणीही गोंधळावे. ३०६० मध्ये गणन करणारे लहान घटक ३,५८४. ४०६० मध्ये ३,०७२. ३०६० वर स्मृती १२ जीबी. ४०६० वर ८ जीबी. स्मृतीतून माल ने-आण करण्याचा वेग ३०६० चा सेकंदाला ३६० जीबी. ४०६० चा २७२ जीबी. म्हणजे तीनही रकान्यांत जुने कार्ड पुढे, आणि तरीही चाचण्यांत नवे कार्ड साधारण पाचवा हिस्सा अधिक वेगवान. मुलाचा प्रश्न रास्त होता: हे कसे?

याचे उत्तर व्यापाऱ्याला सहज कळावे. माणसे कमी, पण प्रत्येकाचा हात चपळ. ४०६० मधील घटक २.४६ गिगाहर्ट्झपर्यंतच्या वेगाने चालतात, ३०६० मधील १.७८ पर्यंत. संख्येला वेगाने गुणले तर ४०६० चे ७,५५७ येतात आणि ३०६० चे ६,३८०; फरक सुमारे १८ टक्के. वेगवेगळ्या घडणीच्या कार्डांची तुलना या गुणाकाराने करणे नेहमी बरोबर ठरत नाही, पण येथे हिशेब चाचण्यांशी जुळतो. दुसरे असे की, ४०६० च्या मुख्य चकतीवर २४ एमबीची जवळची स्मृती आहे, ३०६० मध्ये केवळ ३ एमबी. गल्ल्यामागची फळी मोठी असली की गोदामात खेपा कमी पडतात. मग गोदामाची वाट थोडी अरुंद असली तरी चालते. एकेक रकाना सुटा वाचण्यात असा धोका असतो. उलाढाल, नफा आणि येणे यांचा एकमेकांशी मेळ घातल्याशिवाय ताळेबंद बोलत नाही.

यानंतर मी पहिला प्रश्न विचारला, जो प्रत्येक कर्जदाराला विचारतात: पैसा कशासाठी हवा? खेळ कोणते आणि पडदा कोणता? त्याच्या आजीचाही एक प्रश्न होता, त्यात गोळीबार किती आहे. पण मुलाची यादी फुटबॉल, मोटारींची शर्यत आणि विमान उडवण्याचा खेळ अशी निघाली, आणि आजी निश्चिंत झाली. पडदा होता १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. हा तपशील निर्णायक आहे. या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात. ज्याला ‘४के’ म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. लहान पडद्यासाठी मोठे कार्ड घेणे म्हणजे दोन पोत्यांसाठी ट्रक ठरवणे. शिवाय पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवणार असेल, तर एक कार्ड ८० चित्रे देते आणि दुसरे ९६, या फरकातले फारसे डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आता चित्रांच्या, म्हणजे ‘फ्रेम’च्या हिशेबाविषयी. सर्वत्र दिली जाते ती सरासरी: सेकंदाला अमुक फ्रेम. सरासरी हा आकडा बँकेत आम्ही नेहमीच संशयाने पाहत आलो. एखाद्या खात्याची मासिक सरासरी शिल्लक भरघोस असते, आणि तरीही दहा तारखेचा धनादेश परत जातो. तसेच येथे. एका कार्डाने एका सेकंदात ६० फ्रेम दिल्या, प्रत्येक १६.६७ मिलिसेकंदांत. दुसऱ्याने ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत दिल्या आणि उरलेल्या एकीला ४१० मिलिसेकंद लावले. सरासरी दोघांचीही ६०. परंतु दुसऱ्या कार्डावर मोटार वळणावर असताना चित्र जवळजवळ अर्धा सेकंद गोठले. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याचा आग्रह धरला, आणि तेव्हापासून चांगले परीक्षक सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही देऊ लागले. तक्त्यात तो रकाना नसेल, तर तक्ता अपुरा समजावा.

टक्केवारीचेही असेच. ३० वरून ४० फ्रेम झाल्या तर प्रत्येक चित्र ८.३३ मिलिसेकंद लवकर येते. १०० वरून ११० झाल्या तर केवळ ०.९१ मिलिसेकंद. दोन्हीकडे ‘दहा फ्रेम वाढल्या’ असेच म्हटले जाईल. गरज असलेल्याला दिलेले दहा आणि भरलेल्या घरात टाकलेले दहा यांत फरक असतोच.

दुसरा प्रश्न: सध्याची मालमत्ता काय? मुलाचा संगणक २०२० च्या सुमाराचा, इंटेल कोअर आय-५ १०४०० प्रोसेसरचा. येथे एक गोष्ट निघाली जी खोक्यावर मोठ्या अक्षरांत नसते. कार्ड ज्या खाचेत बसते तिथून मालाची ने-आण मार्गिकांतून होते. ३०६० सोळा मार्गिका वापरते, ४०६० आठच. मुलाच्या मदरबोर्डवरील खाच तिसऱ्या पिढीची; त्यात प्रत्येक मार्गिकेतून सेकंदाला सुमारे १ जीबी जाते. म्हणजे ३०६० साठी वाट १६ जीबीची, ४०६० साठी ८ जीबीची. कार्डावरची स्मृती पुरत असेल तोवर याने थोडेच बिघडते. पण खेळाला ८ जीबीहून अधिक लागले, की उरलेला माल संगणकाच्या मुख्य स्मृतीतून त्या अरुंद वाटेने आणावा लागतो. दुकानामागे २७२ च्या वेगाचे गोदाम, आणि ते भरल्यावर ८ च्या वेगाची हातगाडी! अडखळणे सुरू होते ते येथे.

२०२३ सालीच असे काही खेळ आले होते की, चित्रांचा दर्जा सर्वोच्च ठेवल्यास त्यांना ८ जीबी अपुरी पडे. स्मृतीचा परिणाम स्वच्छ दाखवणारा एक नमुनाही त्याच वर्षी बाजारात आला: आरटीएक्स ४०६० टीआय, एकाच चकतीचे, ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत, जाहीर किमती ३९९ व ४९९ डॉलर. बहुतेक खेळांत दोन्हींचा वेग सारखाच. पण जेथे ८ जीबी भरून वाहते, तेथे पहिले अडखळते आणि दुसरे चालत राहते. स्मृती वेग वाढवत नाही. ती कमी पडली की वेग मोडते. २०१५ ची माझी चूक येथे उलगडली. स्मृतीचे आकारमान पुरेसे आहे का हे पाहायचे असते. अधिक आहे म्हणून कार्ड श्रेष्ठ, असे होत नाही.

मुलाने नव्या कार्डाच्या बाजूने एक मुद्दा मांडला. ४०६० मध्ये ‘फ्रेम जनरेशन’ आहे, म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतः एक चित्र रचून घालते आणि फ्रेमचा आकडा पुष्कळ वाढतो. सोय खरी आहे, दृश्य अधिक सलग भासते. परंतु रचलेल्या फ्रेममध्ये तुमच्या बोटाची नवी आज्ञा नसते, प्रतिसादाला उलट किंचित उशीर होतो आणि त्या कामाला काही स्मृतीही लागते. मी त्याला सांगितले की आमच्याकडे कागदोपत्री फिरवलेली उलाढाल आणि खरी विक्री वेगळ्या मांडतात. तूही दोन रकाने कर. हे पथ्य नंतर फार उपयोगी ठरले. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी करते असे जाहीर केले, तेव्हा मुलाने मला आपणहून सांगितले, “आजोबा, हा आकडा दुसऱ्या रकान्यातला आहे.”

मग खर्च. विजेचा वापर ३०६० चा १७० वॅटपर्यंत, ४०६० चा ११५. फरक ५५ वॅट. रोज सरासरी दीड तास खेळ धरला तर वर्षाला सुमारे ३० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ३०० रुपये. किमतीतील ३,००० चा फरक विजेतून भरून निघण्यास दहा वर्षे लागतील. मात्र कोणी रोज सहा-सात तास संगणक राबवत असेल, तर हाच हिशेब फिरतो. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेटबरोबर आलेला, नाव नसलेला. कार्डाला लागणारी आठ टोकांची जोडणी त्याला नव्हती. दोन्ही कार्डांसाठी कंपनीची शिफारस ५५० वॅटची. तो खर्च कोणत्याही निवडीत होताच. तोही धरून कॅबिनेटची आतील लांबी पट्टीने मोजून घेतली.

सर्व मांडून निर्णय ३०६० च्या, १२ जीबीच्या बाजूने झाला. कारण पडदा ६० चा, खाच तिसऱ्या पिढीची आणि कार्ड चार-पाच वर्षे चालवायचे होते. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, की मदरबोर्ड नवा आणि पडदा १४४ चा असता तर मीच ४०६० सुचवले असते.

मुंबईस एका विवाहानिमित्त जाणे होते, तेव्हा खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठला. एका दुकानात ३०६० अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीला मिळत होते. “तेच कार्ड आहे, निश्चिंत घ्या,” विक्रेता म्हणाला. मुलाने खोके उलटून बारीक अक्षरे वाचली: ८ जीबी. २०२२ च्या अखेरीस याच नावाचा हा दुसरा प्रकार निघाला होता. स्मृती कमी आणि तिचा वेगही ३६० ऐवजी २४० जीबी. नाव एक, माल दोन! हे पूर्वीही घडले आहे. २०१६ च्या जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते आणि त्यांत स्मृतीचाच नव्हे, तर घटकांचाही फरक होता: १,१५२ आणि १,२८०. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर एनव्हिडियाने ४०८० चा १२ जीबी प्रकार नावाने गोंधळ होतो म्हणून बाजारात येण्यापूर्वीच मागे घेतला आणि पुढे वेगळ्या नावाने विकला. विक्रेत्याला दोष न देता आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. पुढच्या दुकानात हवे ते कार्ड २६,००० रुपयांना मिळाले.

आणि तेथे खरी परीक्षा झाली. बिल करण्यापूर्वी पुतण्याचा फोन आला. “काका, बिल दुकानाच्या नावावर घ्या. जीएसटी क्रमांक पाठवतो. जवळजवळ चार हजार सुटतील, आणि संगणक म्हणून ४० टक्के घसाराही लागेल.” हिशेब अचूक होता, १८ टक्क्यांप्रमाणे २६,००० मध्ये कराचे ३,९६६ रुपये होते. पुतण्या अप्रामाणिक माणूस नाही. व्यापारात सवयीने हे तोंडून येते. मी त्याला सांगितले की खासगी उपभोगाच्या वस्तूवरील कराची वजावट वस्तू व सेवा कर कायद्याच्या १७ व्या कलमातील ५ व्या पोटकलमाने स्पष्ट नाकारली आहे, आणि मोटारींच्या शर्यतीचे कार्ड अडत दुकानाच्या खर्चात कोणत्याही वहीत बसत नाही. तो म्हणाला, “रक्कम केवढीशी आहे, कोण पाहतो?” मी काही बोलणार इतक्यात मुलाने फोन मागून घेतला. “बाबा, पैसे माझे आहेत. बिल माझ्या नावावर होऊ द्या. उद्या कार्ड बिघडले तर वॉरंटीसाठी मलाच धावायचे आहे.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग “बरं” एवढेच ऐकू आले.

आज दोन वर्षांनी खाते तपासतो. फुटबॉल आणि शर्यत उत्तम चालतात. एका बाबतीत आमचा अंदाज चुकला. विमानाच्या खेळात मोठ्या शहरांवरून उडताना वेग फारसा वाढला नाही, कारण तेथे अडत होते ते प्रोसेसरवर. साखळीतील सर्वांत कच्ची कडी आम्ही विचारली होती, पण पुरती ओढून पाहिली नव्हती. ती उणीव माझ्या नावे मांडतो.

नावे आता बदलली आहेत. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० पुन्हा ८ जीबीतच आले, ५०६० टीआय पुन्हा ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचेही तसेच. इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आले, पण जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडते. म्हणजे पेच तोच आहे आणि प्रश्नही तेच: पडदा कोणता, खेळ कोणते, उरलेला संगणक कसा, मंद एक टक्का किती, स्मृती पुरेल का, खोक्यावरील पूर्ण नाव काय, आणि बिल कोणाच्या नावे. घरातील मुलाने ही सात उत्तरे कागदावर लिहून आणली, तर निम्मा वाद तेथेच संपतो.

ते बिल मुलाने प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवले आहे. त्याच्या नावाचे ते पहिलेच बिल. परवा पुतण्याने दुकानासाठी नवा संगणक घ्यायचे ठरवले, तेव्हा त्याने तक्ता मागितला तो मुलाकडे, माझ्याकडे नव्हे.